पत्रपेटी: नववीच्या इंग्रजीला खरं काम द्या

जून-जुलैत इंग्रजीविषयीची पत्रं नेहमीच वाढतात. या वेळी मात्र बहुतेक पत्रांचा विषय एकच निघाला. शाळेने जादा तास दिले आहेत किंवा नवा वर्ग सुरू करायचा आहे, आणि हायस्कूलच्या मुलांसाठी इंग्रजीचा स्वतःचा अभ्यासक्रम आखायचा आहे. तो आखावा कसा? शिक्षक स्वतः अभ्यासक्रम आखायला बसतात, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. म्हणून या महिन्याचं सगळं सदर या पत्रांना दिलं आहे. मी कराड तालुक्यात मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवलं, त्यामुळे उत्तरं तेच वर्ग डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत. पत्रं जागेअभावी थोडी कापली आहेत.

प्रश्न: मी माण तालुक्यातल्या हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवते. या वर्षी मुख्याध्यापकांनी नववीसाठी आठवड्याला दोन जादा तास दिले. 'पुस्तक संपवायला नाही, मुलांना गोडी लागेल असं काहीतरी करा,' एवढंच सांगितलं. वर्गात बावन्न मुलं आहेत, निम्म्यांना पाठ सलग वाचता येत नाही. मी खेळ, गाणी, व्हिडिओ अशी यादी केली आहे. मुलं रमतील, पण शिकतील का, असं सारखं वाटतं. आराखडा कसा करू?
— एक शिक्षिका, जि. सातारा

उत्तर: यादी ठेवा, पण तिच्यावर अभ्यासक्रम उभा करू नका. खेळात मुलं खेळासाठी रमतात. घंटा झाली की खेळ संपतो आणि त्यातलं इंग्रजीही बहुधा तिथंच राहतं. तुमची शंका अगदी रास्त आहे.

नववीतलं मूल चौदा वर्षांचं असतं. घरी तेच आजीच्या गोळ्यांचं पाकीट वाचून देतं, बँकेची स्लिप भरतं, मोबाइलवर आलेला मेसेज खरा की फसवणुकीचा हे वडिलांना सांगतं. शाळेत मात्र आपण त्याला विचारतो, 'राम कुठे गेला?' राम बाजारात गेला हे पाठात लिहिलेलं आहे, बाईंना ते माहीत आहे, आणि बाईंना माहीत आहे हे मुलालाही माहीत आहे. अशा प्रश्नासाठी कुणी जीव लावून वाचत नाही. म्हणून आराखड्यातल्या प्रत्येक घटकाला मी एकच कसोटी लावते. या कामाच्या शेवटी मुलाला आधी ठाऊक नसलेलं काही कळणार आहे का, आणि ते कुणाला तरी सांगावंसं त्याला वाटेल का?

तुमच्याच भागातलं उदाहरण घेऊ. माणमध्ये डाळिंबावर फवारणी होते. कीटकनाशकाच्या लेबलवर कोनावर उभा केलेला एक चौकोन असतो. त्याचा खालचा त्रिकोण रंगीत असतो. लाल म्हणजे सगळ्यांत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, आणि हिरवा सगळ्यांत कमी. वरच्या त्रिकोणात लाल मालावर कवटी आणि 'पॉयझन', पिवळ्यावर नुसतं 'पॉयझन', निळ्यावर 'डेंजर', हिरव्यावर 'कॉशन'. सोबत एक घडीपत्रक येतं. बारीक अक्षरात, अनेक भाषांत छापलेलं. रिकामी बाटली वर्गात अजिबात आणायला सांगू नका. घरच्या मोठ्या माणसाकडून लेबलचा आणि पत्रकाचा फोटो मागवा आणि झेरॉक्स काढा. पत्रकात मराठी मजकूर असेल तर झेरॉक्स काढताना तो झाका.

आता चार-चार मुलांचे गट करा आणि फळ्यावर मराठीतच तीन प्रश्न लिहा. पंधरा लिटरच्या पंपाला किती औषध घालायचं? अंगावर सांडलं तर सगळ्यांत आधी काय करायचं? फवारल्यावर किती दिवस फळ तोडायचं नाही? उत्तरं इंग्रजी पत्रकातच शोधायची. बघा, पाठाची चार वाक्यं वाचायला जे मूल उठत नाही ते पत्रकावर वाकतं. एरवी मागच्या बाकावर गप्प बसणारा मुलगा इथं गटाला उपयोगी पडतो, कारण 'नोझल', 'डोस', 'पंप' हे शब्द त्याच्या रोजच्या बोलण्यातले आहेत आणि वडिलांबरोबर तो रानात गेलेला आहे. पहिल्या प्रश्नाला तर गणितही लागतं, कारण पत्रकात मात्रा बहुतेक हेक्टरी दिलेली असते. त्या हिशेबावरून गटागटांत वाद होतात. वाद मराठीत झाले तरी चालेल, फक्त पुरावा इंग्रजी ओळीवर बोट ठेवून द्यायचा. सगळ्यांची उत्तरं आली की झाकलेला मराठी भाग वाटा आणि ताडून बघू द्या. बरोबर कुणाचं, हे पत्रक सांगतं, बाई सांगत नाहीत.

दुसऱ्या तासाला त्याच पत्रकातली 'डू नॉट'ने सुरू होणारी वाक्यं मुलांना शोधायला लावा. वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नका, फवारताना खाऊ-पिऊ नका, अशी बरीच सापडतात. त्या नमुन्यावर प्रत्येक गटाने आपल्या गावासाठी सहा ओळींची इंग्रजी सूचना लिहायची आणि तिच्याखाली तीच मराठीत. तो कागद घरी जातो, पंप ठेवतात त्या खोलीत चिकटतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे मुलांना जरूर सांगा. आपण काय वाचतो आहोत आणि का, हे चौदा वर्षांच्या मुलांना नीट कळतं.

ही पद्धत काही माझी नाही. १९७९ ते १९८४ या काळात इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी बंगळूर आणि मद्रासकडच्या साध्या शाळांत असाच प्रयोग केला. व्याकरणाची यादी बाजूला ठेवली आणि मुलांना रेल्वेचं वेळापत्रक, नकाशा, नियमांचे तक्ते दिले. अमक्या वेळी अमक्या गावी पोचायचं तर कोणती गाडी घ्यावी, हे इंग्रजीतून शोधायचं. मुलाचं लक्ष अर्थाकडे असताना भाषा मुरते, हे त्यांचं म्हणणं. आज जगभर 'टास्क'वर, म्हणजे करायला दिलेल्या कामावर, आधारलेलं भाषाशिक्षण म्हणून जे शिकवलं जातं, त्याचं एक मूळ इथल्याच गर्दीच्या वर्गांत आहे. आपल्या बी.एड.च्या वर्गात हे नाव ठळकपणे घेतलं जायला हवं, असं मला कळकळीनं वाटतं.

वर्षाचा आराखडा म्हणाल तर कागदावर साठ तास दिसले तरी चाळीस-पंचेचाळीस धरा. सहामाही, स्नेहसंमेलन, क्रीडास्पर्धा यांत बाकीचे जातातच. दिवाळीपर्यंत वाचून शोधण्याची कामं घ्या. लेबलं, एसटीचं वेळापत्रक, औषधाची पाकिटं, शिष्यवृत्तीचा अर्ज. दिवाळीनंतर विचारून लिहिण्याची कामं. गावातल्या एका माणसाला मराठीत मुलाखत द्यायला बोलवा आणि ती मुलांना इंग्रजीत लिहू द्या. जानेवारी-फेब्रुवारीत बोलण्याची. दोनपैकी एका तासाची शेवटची पंधरा मिनिटं मात्र वर्षभर राखून ठेवा. त्यात प्रत्येकाने आपापलं सोपं पुस्तक मनात वाचायचं, प्रश्न विचारायचे नाहीत. सोपं म्हणजे किती सोपं? शब्दसंग्रहावर आयुष्यभर काम केलेले पॉल नेशन सांगतात, की कुणाच्या मदतीशिवाय वाचायचं तर शंभर शब्दांत दोनाहून जास्त शब्द अनोळखी नसावेत. तुमच्या वर्गात अर्ध्या मुलांसाठी याचा अर्थ दुसरी-तिसरीच्या पातळीची पुस्तकं. लाज वाटू देऊ नका, त्यांनाही वाटू देऊ नका. पुस्तकांवरचे इयत्तेचे आकडे झाकून टाका.

प्रश्न: आमच्या शाळेत असा प्रयोग करायला सहकारी तयार आहेत. पण पालकसभेत पहिला प्रश्न येतो, 'दहावीला याचे किती मार्क?' व्याकरण कुठे बसवायचं, तेही कळत नाही.
— एक शिक्षक, जि. कोल्हापूर

उत्तर: व्याकरण कुठे बसवायचं ते तुमच्या गावच्या गुऱ्हाळावर जाऊन बघा. दहावीच्या कृतिपत्रिकेत, म्हणजे प्रश्नपत्रिकेत, 'व्हॉइस' (कर्तरी-कर्मणी प्रयोग) बदला असा प्रश्न असतो. मुलं सूत्र पाठ करतात, कर्ता-कर्म उलटवतात, आणि 'बाय मी' लावून मोकळी होतात. हे रूप भाषेत कशासाठी असतं, हे त्यांना कुणी दाखवलेलं नसतं.

गूळ कसा होतो, हे परगावच्या माणसाला इंग्रजीत सांगायचं, असं काम द्या. ऊस तोडला जातो, चरकात घातला जातो, रस काहिलीत ओतला जातो, उकळला जातो. रानभेंडीचा चिकट रस घातला जातो, मळी वर येते, ती काढली जाते. पाक झाला की वाफ्यात ओतून घोटला जातो, साच्यात भरला जातो, ढेप पडते. इथे मळी कुणी काढली याला महत्त्व नाही, मळी काढली गेली याला आहे. 'द ज्यूस इज बॉइल्ड, द स्कम इज रिमूव्ड' ही वाक्यं मुलांना हवीशी होतात, कारण त्यांच्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही. पहिल्या मसुद्यात मुलं 'दे बॉइल, दे रिमूव्ह' असं लिहितील. लिहू द्या. मग विचारा, 'हे 'दे' कोण?' आणि तिथे व्हॉइस शिकवा, दहा मिनिटं, नीट, फळ्यावर. त्यानंतर कृतिपत्रिकेतले पाच प्रश्न सोडवून घ्या. एवढं केलं की परीक्षेचीही तयारी झाली.

मी व्याकरणाच्या विरोधात मुळीच नाही. ते न शिकवता मुलं आपोआप शिकतील, असं मला वाटत नाही, निदान आठवड्याला आठ-नऊ तासांत तरी नाही. फक्त आधी गरज, मग नियम.

पालकांना सांगायला तुमच्याकडे तोंडी परीक्षेचे २० गुण आहेत. २०१९ च्या दहावीला भाषांचे हे अंतर्गत गुण नव्हते. आदल्या वर्षी ८९.४१ टक्के असलेला राज्याचा निकाल त्या वर्षी ७७.१० टक्क्यांवर आला. २०२० पासून गुण परत आले. बऱ्याच ठिकाणी ते उपचार म्हणून दिले जातात, हे आपण दोघंही जाणतो. तुम्ही ते खरोखर घ्या. जूनमध्ये प्रत्येक मुलाला एक छोटा उतारा वाचायला द्या, मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा. फेब्रुवारीत तोच उतारा पुन्हा. पालकसभेत दोन्ही ऐकवा. आईवडिलांना इंग्रजी येत नसलं तरी अडखळणं आणि न अडखळणं यातला फरक त्यांना ऐकू येतो.

प्रश्न: आमची संस्था 'स्पोकन इंग्लिश'चा एक तयार अभ्यासक्रम विकत घेणार आहे. डिजिटल बोर्ड, व्हिडिओ, वर्कबुक, सगळं आहे. मुख्याध्यापक म्हणून माझं मत मागितलं आहे. घ्यावा का?
— एक मुख्याध्यापक, जि. लातूर

उत्तर: नाव न घेता सांगते. कोणताही तयार अभ्यासक्रम घेण्याआधी त्यातला मधलाच एक पाठ उघडा, समजा सतरावा, आणि घड्याळ लावून मोजा. पस्तीस मिनिटांच्या तासात एका मुलाच्या तोंडून इंग्रजी किती वेळ निघतं? आणि जे निघतं ते त्याचं स्वतःचं वाक्य असतं की पडद्यावरच्या वाक्याची सामुदायिक पुनरुक्ती? दोन्ही उत्तरं समाधानकारक असतील तर जरूर घ्या.

नसतील तर तेवढ्या पैशांत पुस्तकं घ्या. वॉर्विक एली आणि फ्रान्सिस मांगुभाई या संशोधकांनी फिजी बेटांवरच्या खेड्यांतल्या प्राथमिक शाळांत एक प्रयोग केला होता, त्याचा अहवाल १९८३ मध्ये आला. इंग्रजी ही तिथल्या मुलांची घरची भाषा नव्हती. प्रत्येक वर्गाला गोष्टींची सुमारे २५० सचित्र इंग्रजी पुस्तकं दिली गेली. काही वर्गांत शिक्षक मोठ्याने वाचून मुलांशी बोलत, काही वर्गांत मुलं नुसती मनात वाचत. दोन्ही प्रकारच्या वर्गांतली मुलं, नेहमीच्या पद्धतीने शिकणाऱ्या मुलांपेक्षा वाचनात आणि ऐकून समजण्यात बरीच पुढे गेली. ती मुलं तुमच्या मुलांपेक्षा लहान होती, हे खरं. पण वाचनाची भूक आठवीतही असते, आपण पानच वाढत नाही.

पैसे अगदीच नसतील तर प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे गोष्टींचं संकेतस्थळ आहे. २०१५ पासून ते खुलं आहे, गोष्टी पातळीनुसार लावलेल्या आहेत, उतरवून छापायलाही परवानगी आहे. कितीतरी गोष्टी मराठीत आणि इंग्रजीत दोन्हीकडे सापडतात. आधी मराठी वाचलेली गोष्ट इंग्रजीत वाचायला मूल घाबरत नाही.

प्रश्न: मला आठवी-नववीला इंग्रजी साहित्याचा छोटा अभ्यासक्रम करायचा आहे, वर्षातून दहा-बारा तासांचा. सहकारी म्हणतात, 'यांना साधं वाक्य येत नाही, साहित्य कुठलं शिकवतोस?' आमचा तालुका पुरंदर. इंग्रजी साहित्य म्हणजे डॅफोडिल्सची फुलं आणि बर्फ, हे मलाही मुलांपासून लांबचं वाटतं.
— एक शिक्षक, जि. पुणे

उत्तर: सर, तुम्ही पुरंदरमध्ये राहता, जेजुरी तुमच्याच तालुक्यात! अरुण कोलटकरांचा 'जेजुरी' हा इंग्रजी कवितासंग्रह १९७६ साली आला, १९७७ मध्ये त्याला कॉमनवेल्थ कविता पुरस्कार मिळाला, आणि त्यातली देवळं, पायऱ्या, टेकड्या तुमच्या मुलांनी पायाखाली घातलेल्या आहेत. दरवर्षी सोमवतीला भंडाऱ्याने पिवळी होऊन येणारी ही मुलं. त्या संग्रहात एका म्हातारीची कविता आहे. ती यात्रेकरूची बाही धरते, पन्नास पैसे मागते, त्या बदल्यात घोड्याच्या टापेचं देऊळ दाखवीन म्हणते, आणि त्याने झिडकारलं तरी सोडत नाही. ओळी आखूड आहेत, शब्द साधे आहेत. कविता वाचण्याआधी मुलांना मराठीत एवढंच विचारा, की जेजुरीच्या पायऱ्यांवर तुमची बाही कुणी धरली होती का, आणि तुम्ही काय केलंत? वर्ग बोलायला लागेल. मग कविता मोठ्याने वाचा, दोनदा. अर्थ सांगत बसू नका. म्हातारीच्या बाजूने पाच वाक्यं लिहायला सांगा. तिला त्या माणसाबद्दल काय वाटलं असेल? ही पाच वाक्यं चुकीच्या इंग्रजीत आली तरी ती साहित्यावरची खरी प्रतिक्रिया असेल. कवितेचा देवाधर्माकडे बघण्याचा सूर काही पालकांना खटकू शकतो, तेव्हा संग्रह आधी स्वतः पूर्ण वाचा आणि कविता निवडून घ्या.

दुसरा मजकूर मी सुचवीन तो आनंदीबाई जोशींच्या भाषणाचा. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी, अमेरिकेला वैद्यकी शिकायला निघण्याआधी, त्यांनी श्रीरामपूरच्या (बंगालमधल्या) कॉलेजात इंग्रजीत भाषण केलं. वय वर्षं सतरा. म्हणजे तुमच्या नववीतल्या मुलींपेक्षा तीन वर्षांनी मोठी मुलगी. लोक तिला जे प्रश्न विचारून हैराण करत होते तेच सहा प्रश्न तिने भाषणात स्वतः मांडले. अमेरिकेला का जाते? हिंदुस्थानात शिकायची सोय नाही का? एकटी का जाते? परत आल्यावर जात वाळीत टाकणार नाही का? काही संकट ओढवलं तर काय करशील? कुठल्याही बाईने आजवर केलं नाही ते तूच का करावंस? आणि एकेकाचं उत्तर दिलं.

भाषा जुनी आहे, वाक्यं लांब आहेत, म्हणून पूर्ण भाषण देऊ नका. सहा प्रश्न मूळ इंग्रजीत द्या, उत्तरांतले दोन-दोन उतारे तुम्ही सोपे करून द्या. प्रताधिकाराचा प्रश्न नाही. आधी फक्त प्रश्न वाचून गटात अंदाज करू द्या, की तिने काय उत्तर दिलं असेल. नंतर प्रत्येकाने स्वतःचे तीन प्रश्न लिहायचे. लोक मला काय विचारून टोकतात आणि माझं उत्तर काय? 'दहावीनंतर शिकून काय करणार?' हा प्रश्न मुलींच्या वहीत हमखास येतो. 'तू कबड्डी का खेळतेस?' येतो. मुलगे लिहितात, 'वडिलांचा धंदा का नको?' ही उत्तरं मुलं पुन्हा पुन्हा खोडून लिहितात, कारण ती नीट उतरावीत असं त्यांना स्वतःलाच वाटतं. वर्षभराच्या इंग्रजी लेखनात मी याहून चांगलं काम क्वचित पाहिलं आहे. ज्या मुलीला आपलं उत्तर वर्गात वाचायचं नसेल तिला वाचायला लावू नका, एवढी काळजी घ्या.

सहकाऱ्यांना एवढंच सांगा, की साहित्य शिकवायला भरपूर इंग्रजी यावं लागतं असं नाही. मजकूर आखूड हवा आणि माणूस ओळखीचा हवा.

प्रश्न: माझी मुलगी सेमी इंग्रजीत शिकून दहावी झाली. इंग्रजीत ८६ मार्क आहेत, पण पाहुण्यांशी दोन वाक्यं बोलत नाही. अकरावीला कॉलेजात सगळं इंग्रजीत असेल. सुट्टीत क्लास लावू का?
— एक आई, डोंबिवली

उत्तर: ताई, तिला इंग्रजी येतं. बोलायची वेळ मात्र तिच्यावर कधी आलेलीच नाही, आणि पाहुण्यांसमोर 'बोल गं काहीतरी इंग्रजीत' असं म्हटल्यावर तर कुणाचाही आवाज बसेल. ते तेवढं थांबवा.

क्लास लावलात तरी हरकत नाही, पण घरी एक गोष्ट करता येईल. तिला आवडणारा कोणताही विषय घेऊ द्या, एखादी मालिका, मैत्रिणीचं लग्न, केकची कृती. त्यावर ती मैत्रिणीशी इंग्रजीत तीन मिनिटं बोलेल. मग तेच दुसऱ्या मैत्रिणीला दोन मिनिटांत सांगेल. मग तिसरीला एका मिनिटात. तिसऱ्या वेळेला जीभ सुटलेली असते, कारण काय सांगायचं ते ठरलेलं असतं आणि शब्द दोनदा वापरून झालेले असतात. मैत्रिणी नसतील तर फोनवर ध्वनिमुद्रण करून तिन्ही ऐकावं. हे मी वर्गातही करून घेत असे, बाकावरच्या जोड्या बदलत. साठ मुलं एकदम बोलतात, गलका होतो, शेजारच्या वर्गातून निरोप येतो. पण एका तासात प्रत्येक मूल सहा मिनिटं बोललेलं असतं.

प्रश्न: बाई, मी नववीत आहे आणि तालमीत जातो. आमचे सर इंग्रजीचा नवीन तास सुरू करणार आहेत आणि त्यांनी आम्हालाच विचारलंय की काय शिकायचं. मला इंग्रजी आवडत नाही. मी काय सांगू?
— एक विद्यार्थी, जि. सांगली

उत्तर: तुझ्या सरांनी तुम्हाला विचारलं, याबद्दल त्यांचं अभिनंदन कर. आणि सांग, 'सर, मला कुस्तीचं इंग्रजी पाहिजे.'

खाशाबा जाधव आमच्या कराडजवळच्या गोळेश्वरचे. १९५२ साली हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. तिथे पंच, नियम, सूचना, सगळं परक्या भाषेत. तुला पुढे मॅटवर खेळायचं असेल तर आंतरराष्ट्रीय कुस्तीचे नियम इंग्रजीत छापलेले असतात. 'टेकडाऊन'ला दोन गुण, प्रतिस्पर्धी रिंगणाबाहेर गेला तर एक, हे तुला वस्तादांकडून माहीत असेलच. ते पान सरांकडून मागून घे आणि वाच. तुला अर्धं समजेल, कारण खेळ तुला येतो. उरलेलं अर्धं सरांना विचार.

मग उलटं काम कर. ज्याने कधी लाल माती बघितली नाही अशा मुलाला धोबीपछाड इंग्रजीत समजावून सांग. पाय कुठे, हात कुठे, वजन कुठे टाकायचं, आधी काय आणि नंतर काय. वाक्यं छोटी ठेव. लिहून झालं की वर्गातल्या एका मित्राला ते वाचायला दे, आणि फक्त वाचून, तुला काही न विचारता, त्याला तो डाव हळूहळू करून दाखवायला सांग. मातीतच करा, वस्ताद समोर असताना. जिथे तो अडेल ते वाक्य बदल. नीट जमलं की तो कागद या सदराच्या पत्त्यावर पाठव. पुढच्या अंकात छापते.